दुसरी-तिसरीच्या मुलांकडून ‘माझं मत’ लिहून घ्यायचं कसं?

खानापूर_नलीकली

मराठी माध्यमाची सरकारी शाळा, खानापूर तालुका (बेळगाव जिल्हा, कर्नाटक). नली-कलीचा, म्हणजे आनंदाने शिकण्याच्या पद्धतीचा वर्ग, पहिली ते तिसरी एकत्र, पट २३. पहिलीची सहा मुलं सध्या बाजूला ठेवू, प्रश्न दुसरी-तिसरीच्या सतरा जणांचा आहे. वाचन बऱ्यापैकी आहे, श्रुतलेखन चालतं. गाडी अडते ती स्वतःचं मत लिहिताना. ‘माझा आवडता ऋतू’ दिला की सतराच्या सतरा वह्यांत ‘पावसाळ्यात नद्या-नाले दुथडी भरून वाहतात, सगळीकडे हिरवेगार होते, मला पावसाळा खूप खूप आवडतो’. उन्हाळा एकाच्याही वहीत नाही. ‘का आवडतो?’ विचारलं तर ‘छान असतो म्हणून’.

सुरुवात कुठून करावी? दुसरीकडून किती वाक्यं मागावीत, तिसरीकडून किती? मुलं घरच्यासारखंच लिहितात, ‘पण’च्या जागी ‘खरं’, ‘आवडतं’च्या जागी ‘आवडतंय’. ते लगेच दुरुस्त करायचं का? तपासताना नेमकं काय बघायचं? आणि इंग्रजीत या विषयाच्या तयार वर्कशीट ढिगाने मिळतात, त्या मराठीत करून वापराव्यात का?

दुरेघी_वही

सर, मुलांचं काही चुकत नाही, प्रश्न चुकतोय. ‘माझा आवडता ऋतू’ वरून मत विचारल्यासारखा दिसतो, पण तो पाठांतराचा विषय आहे. त्याचं उत्तर गाईडमध्ये आहे, मोठ्या बहिणीच्या वहीत आहे, आणि बाईंना-सरांना काय हवंय हे पोरांना पक्कं ठाऊक आहे. ‘माझा आवडता पक्षी’चंही तेच. वर्गातल्या कितीजणांनी मोर जवळून बघितलाय? आवडतो मात्र सगळ्यांना.

विषय फळ्यावर लिहिण्याआधी तीन बाजूंनी तपासा. एक, वर्ग खरंच दोन बाजूंना विभागतो का. हात वर करायला लावून मोजा. सतरांतले चार तरी दुसऱ्या बाजूला नसतील तर तो विषय सोडा. दोन, दोन्ही गोष्टी मुलाने स्वतः हाताळल्यात का. ‘शहर बरं की खेडं’, ‘मोबाईल शाप की वरदान’ हे मोठ्यांच्या वक्तृत्व स्पर्धेचे विषय, आठ वर्षांच्या मुलाकडे त्यावर उसनं मतच असणार. तीन, मुलाने लिहिलेलं शिक्षकाखेरीज कोण वाचणार. हे तिसरं बहुतेक जण गाळतात.

तुमच्याकडे पावसाला तोटा नाही, म्हणून ‘शाळेला येताना छत्री बरी की रेनकोट?’ हा विषय धरून सांगते. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांकडे तर यावर अनुभवांची पोतडी असेल. चार दिवस, रोज एक तास.

पहिल्या दिवशी वह्या बंद. वर्गाची एक भिंत छत्रीची, समोरची रेनकोटची. ज्याने-त्याने आपल्या भिंतीला जाऊन उभं राहायचं, मधे घुटमळायचं नाही. मग एकदा या भिंतीचं मूल, एकदा त्या भिंतीचं, प्रत्येकाने एक कारण सांगायचं. आधी येऊन गेलेलं कारण पुन्हा चालणार नाही. समोरच्याचं पटलं तर भिंत बदलायची मुभा आहे, पण कुणाच्या कुठल्या बोलण्यामुळे बदलली ते सांगूनच जायचं. कारण म्हणजे काय हे मुलांना व्याख्येने कळत नाही, अशी दोन-तीन पोरं इकडची तिकडे गेली की कळतं.

हे चालू असताना फळ्यावर प्रत्येक कारणाचा एकेकच शब्द लिहा: वारा, दप्तर, बटणं, घाम, रिकामे हात. पूर्ण वाक्य लिहू नका. सतरा वह्या सारख्या निघण्याचं निम्मं मूळ फळ्यावरच्या पूर्ण वाक्यात असतं. शिक्षक मदत म्हणून नमुना लिहितो, मुलं तो आदेश समजून उतरवतात.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात चित्र. ‘छत्रीचं चित्र काढा’ असं म्हणू नका, ‘पावसात तू आणि तुझी छत्री, काय होतंय ते काढ’ असं म्हणा. चित्रात वारा आला, उलटी झालेली छत्री आली, भिजलेलं दप्तर आलं की कारण कागदावर उतरलंच. खाली एक किंवा दोन वाक्यं.

तिसऱ्या दिवशी जोड्या लावा, शक्यतो विरुद्ध भिंतींच्या. एकाने आपलं वाचायचं, दुसऱ्याने एकच प्रश्न विचारायचा: ‘म्हणजे कसं?’ बाकी काही बोलायचं नाही, चुका दाखवायच्या नाहीत. साधारण असं होतं बघा. मुलाने लिहिलंय:

‘मला छत्री बरी वाटतेय कारण छत्री चांगली असते.’

म्हणजे कसं? ‘लगेच मिटते.’ म्हणजे कसं? ‘रेनकोट काढायला उशीर होतो. बटणं ओली झाली की निघतच नाहीत. तोवर घंटा होते.’

आता त्याला जे आत्ता बोललास तेच लिही म्हणा:

‘मला छत्री बरी वाटते. रेनकोटची बटणं ओली झाली की निघत नाहीत. तोवर घंटा होते.’

पहिल्या वाक्यात ‘कारण’ हा शब्द होता, पण कारण नव्हतं. दुसऱ्यात शब्द नाही, कारण आहे. ‘म्हणजे कसं?’ दोनदा पुरतं. तिसऱ्यांदा विचारलं की मूल वैतागतं किंवा रचून सांगायला लागतं.

चौथ्या दिवशी सुवाच्य उतरवून घ्या आणि वाचणाऱ्यापर्यंत पोचवा. जून महिना असेल तर पालक तेच विकत घ्यायच्या बेतात असतात. कागद दारात लावले तर सोडायला आलेले आई-बाप उभे राहून वाचतात. तुमच्या वर्गात वर चप्पर (मुलांचे कागद टांगायच्या दोऱ्या) बांधलेलं असेलच, पण तिथे टांगलेलं मुलांच्या डोक्यावर राहतं, वाचत कोणी नाही. या कागदांसाठी मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीची भिंत बघा.

निपाणी_चौथी_ब

वरचं सगळं मान्य. फक्त लिहिताना मुलांना काहीतरी साचा हाताशी लागतो. आमच्याकडे पंजा वापरतात. कागदावर स्वतःचा डावा हात ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ मारायची. अंगठ्यात मत, मधल्या तीन बोटांत तीन कारणं, करंगळीत ‘म्हणून मला असं वाटतं’. तळहातावर विषय. तिसरी-चौथीला जमतं, खर्च शून्य.

शब्दांच्या_गाठी

पंजा चांगला, पण तीन बोटं आहेत म्हणून तीन कारणं काढायला लावणं हीच त्यातली खोट. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे बहुधा एकच खरं कारण असतं. उरलेली दोन बोटं ‘छान आहे’ आणि ‘मस्त आहे’ने भरतात. दुसरीसाठी मधली दोन बोटं दुमडून रेघ मारा, म्हणजे एकच कारणाचं बोट राहतं. आणि करंगळीतलं वाक्य दुसरीला नकोच. तीन वाक्यांच्या लिखाणात पहिलं वाक्य शेवटी पुन्हा लिहिणं म्हणजे नुसती जागा भरणं.

आता वर्कशीटबद्दल. भाषांतर करून वापरू नका, आणि कारण व्याकरणाचं आहे. इंग्रजीत मत आधी आणि कारण मागून, ही त्या वाक्याची सहज चाल आहे. त्यावरून मराठीत ‘मला वाटतं की ____, कारण ____’ अशी पट्टी बनते. मराठी चुकीची नाही, पण मूल तसं बोलत नाही. मराठीत कारण पुष्कळदा आधी येऊन बसतं आणि मत शेवटी पडतं, आणि मत आधी आलं तरी ‘कारण’ हा शब्द लागतोच असं नाही. पोरांच्या तोंडून येणारी वाक्यं ऐका:

‘भाजलं की साल हाताने सुटते म्हणून मला भाजलेलंच रताळं आवडतं.’

‘दूध गरमच पाहिजे, नाहीतर साय ओठाला चिकटते.’

‘वारा सुटला की छत्री काय उपयोगाची?’

तिन्ही वाक्यांत मत आहे, कारणही आहे, आणि ‘मला वाटतं की’ एकातही नाही. ‘नाहीतर’ हा मुलांचा सगळ्यात हुकमी कारण-शब्द आहे, तो कुठल्याही भाषांतरित वर्कशीटमध्ये सापडणार नाही. ‘-मुळे’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘कारण’, ‘त्यापेक्षा’ असे पाच शब्द जाड कागदाच्या पट्ट्यांवर लिहून भिंतीला लावा. एका वेळी पाचाच्या वर नको.

यात एक चूक हमखास होते, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांची अदलाबदल. ‘मला पाऊस आवडतो म्हणून चिखलात खेळता येतं.’ नियम सांगून उपयोग नाही. दोन पट्ट्या करा. ‘कारण’च्या पट्टीवर डावीकडे, म्हणजे मागे जाणारा बाण. ‘म्हणून’च्या पट्टीवर उजवीकडे, पुढे जाणारा. कारणाचं वाक्य पिवळ्या कागदावर, मताचं पांढऱ्यावर. बाणाचं टोक नेहमी पांढऱ्या कागदाकडे हवं, बास. जमिनीवर मांडून मुलांनी कागद हलवून बघायचे. ‘चिखलात खेळता येतं → म्हणून → मला पाऊस आवडतो.’ ‘मला पाऊस आवडतो ← कारण ← चिखलात खेळता येतं.’ आठवडाभर रोज दहा मिनिटं हे केलं की चूक बरीच आटोक्यात येते.

‘खरं’ आणि ‘आवडतंय’ लगेच लाल करू नका. ‘मला दूध आवडतंय खरं साय नको’ या वाक्यात विचाराची जोडणी अचूक आहे. हे मूल ‘पण’चं काम जाणतं, त्याच्या बोलीत त्या कामाला ‘खरं’ हा शब्द आहे, इतकंच. आपल्या भागात आणि तिकडे कोल्हापुरातही असंच बोलतात. कच्च्या लिखाणात राहू द्या. चौथ्या दिवशी, सुवाच्य उतरवताना, ‘पुस्तकात याला पण म्हणतात’ एवढं सांगून बदलायला लावा. क्रम उलटा झाला तर मूल शब्द जपत बसतं आणि मत दोन शब्दांत आटोपतं.

दुसरी भाषा म्हणून कन्नड आहेच, त्याचाही उपयोग होतो. आपलं ‘का म्हणशील तर’ आणि कन्नडमधलं ‘याकंद्रे’ यांची घडण एकच आहे: ‘का असं म्हटलं तर’. कन्नडच्या तासाला त्याच आठवड्यात ‘ननगे कोडे इष्ट, याकंद्रे…’ (मला छत्री आवडते, कारण…) हे तोंडी करून घेतलं तर एका भाषेतली मेहनत दुसरीत वाया जात नाही. कन्नड घेणाऱ्या बाई वेगळ्या असतील तर विषय त्यांना सोमवारीच सांगा.

चिक्कोडी_शैक्षणिक_जिल्हा

किती वाक्यं, यावर. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता-अंकज्ञानाच्या कार्यक्रमात (२०२१) दुसरी-तिसरीला मिनिटाला किती शब्द वाचावेत याचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे वर्गात जोर वाचनावर राहतो आणि लिखाण म्हणजे उतरवणं होऊन बसतं. मतलेखनाची पायरी ठरवायला अमेरिकेतल्या कॉमन कोअर या शालेय मानकांची (२०१०) उतरंड उपयोगी पडते. तिथे पहिलीत मत आणि एक कारण, दुसरीत कारणं आणि जोडशब्द, तिसरीत कारणांची नीट मांडणी. विरुद्ध बाजूची दखल घेऊन लिहिणं सातवीत येतं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे चौथीच्या मुलालाच ‘फायदे आणि तोटे’ लिहायला बसवतात. मग ते मत राहत नाही, दोन रकाने होतात.

पण ती उतरंड शाळेच्या भाषेत बोलणाऱ्या, दोन-तीन वर्षं लिहीत आलेल्या मुलांना धरून आहे. आपल्या एकत्र वर्गाला दुसरीसाठी चित्र आणि दोन वाक्यं (मत, एक कारण), तिसरीसाठी चार ते पाच वाक्यं (मत, एक कारण, त्या कारणाचं ‘म्हणजे कसं’, जमलं तर दुसरं कारण). दोन उथळ कारणांपेक्षा एक उकललेलं कारण वरचढ धरा आणि तसं मुलांना सांगाही.

एक सावधगिरी. दुपारच्या जेवणात अंडं किंवा केळं मिळतं म्हणून ‘अंडं की केळं’ हा विषय चटकन सुचतो. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांना उतरतोही. तरी घेऊ नका. अंडं न खाणं हे बऱ्याच घरांत आवडीचं नसतं, घरच्या रीतीचं असतं. त्यावर समोरच्या भिंतीवरून ‘का?’ आलं तर मूल कोंडीत सापडतं, आणि संध्याकाळी त्याचे पालक शाळेत येतात. घरची जात, देव, उपास, भाषा, पैसा यांपैकी कशापर्यंतही पोचू शकेल असा विषय भिंतींच्या खेळाला नको. सीमाप्रश्नाचंही तसंच, तो मोठ्यांनी मोठ्यांत बोलायचा.

विषय हवे असतील तर: शाळेच्या परसात शेवगा लावायचा की केळ, खेळाचा तास सकाळी की शेवटी, दूध गरम की कोमट, जोडीने बसताना जागा दर आठवड्याला बदलायची की महिन्याने, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी की पुढच्या शनिवारी. शेवटचा विषय लिहून झाला की कागद एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत ठेवता येतो. मात्र ठेवलात तर उत्तर यायला हवं. नाही म्हणणारं असलं तरी चालेल. उत्तरच आलं नाही तर पुढच्या वेळी मुलं पुन्हा ‘नद्या-नाले दुथडी’ लिहितील आणि त्यांचं बरोबरच असेल.

खानापूर_नलीकली

मनापासून आभार सगळ्यांचे. विषय बदलायचा हे पटलं. आता तीन अडचणी दिसतात. वर्गातली एक चुणचुणीत मुलगी ज्या भिंतीला जाईल तिकडे सगळ्या मुली जाणार, हे आजच सांगतो. दुसरं, दोन-तीन मुलं ‘मला काही वाटत नाही’ म्हणून बसून राहतात. आणि दुसरीची मुलं तोंडी चार वाक्यं बोलतात, पण लिहायला बसली की एका वाक्याला वीस मिनिटं लागतात, तोवर बोललेलं विसरतात.

दुरेघी_वही

पहिल्याला सोपा उपाय आहे, मत आधी गुपचूप घ्या. प्रत्येकाला एक चिंचोका द्या. टेबलावर दोन डबे ठेवा, मुलांकडे पाठ असेल असे. एकावर छत्रीचं चित्र, दुसऱ्यावर रेनकोटचं. एकेकाने येऊन चिंचोका टाकायचा आणि पाटीवर आपल्या बाजूचं चित्र काढून पाटी पालथी ठेवायची. सगळ्यांचं झालं की पाट्या उलट्या करून भिंतीकडे जायचं. आता मैत्रिणीमागे जायचं तर पाटी पुसावी लागते, आणि ते सगळ्यांना दिसतं. शेवटी चिंचोके मोजून दोन्ही आकडे फळ्यावर लिहा, गणिताचाही थोडा तास निघतो. तुम्ही स्वतः कुठल्या बाजूचे आहात हे चौथ्या दिवसापर्यंत कळू देऊ नका. चेहऱ्यावरही नको, पोरं भुवई वाचतात.

‘मला काही वाटत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला पुन्हा ‘तुला काय वाटतं?’ विचारू नका. त्याला निवड हातात द्या. खरी छत्री आणि खरा रेनकोट वर्गात आणा. दोन्ही ओले करून द्या, उघड-मीट करायला सांगा, रेनकोट घालून दप्तर पाठीवर घ्यायला लावा. मग ‘तुला यातलं एकच घेऊन घरी जायचंय, उचल’ म्हणा. उचललं की मत झालं. पुढचा प्रश्न ‘दुसरं का ठेवलंस?’ हा. आवडलेल्या गोष्टीपेक्षा नावडलेल्या गोष्टीबद्दल मुलं पटकन आणि नेमकं बोलतात.

शब्दांच्या_गाठी

दुसरीच्या लिहिण्याच्या वेगावर: बोललेलं विसरू नये म्हणून बोटं वापरा. मुलाने लिहिण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं. ‘रेनकोटची-बटणं-ओली-झाली-की-निघत-नाहीत’, सात बोटं. मग वहीत सात छोट्या आडव्या रेघा मारायच्या, शब्दाच्या लांबीच्या अंदाजाने. आता एकेका रेघेवर शब्द बसवायचा. मधे ‘बटणं’मधला ण अडला तरी पुढच्या रिकाम्या रेघा वाक्य धरून ठेवतात. शब्दांमधलं अंतर सुटण्याची तक्रारही यात जाते. आठाच्या वर बोटं लागली तर वाक्याची दोन वाक्यं करायला सांगा.

तिसरीच्या मुलांनी दुसरीचं सांगितलेलं लिहून द्यायचं, असाही मार्ग काढतात. जपून करा. तिसरीचं मूल ऐकतं एक आणि ‘पुस्तकात असतं तसं’ दुसरंच लिहितं. ‘दप्तर चिंब होतंय’चं ‘माझे दप्तर भिजते’ होऊन जातं आणि मूळ मुलाला ते आपलं वाटत नाही. लिहून द्यायचंच असेल तर फक्त पहिलं वाक्य, आणि लिहिलेलं वाचून दाखवून ‘असंच म्हणालास ना?’ विचारायची अट ठेवा.

निपाणी_चौथी_ब

तीन बोटांचा मुद्दा मान्य, दुमडलेला पंजा करून बघायला हरकत नाही. एक गोष्ट राहिली: मत आणि माहिती यातला फरक. ‘गाय दूध देते’ हे मूल मत म्हणून लिहितं. आम्ही एकच प्रश्न ठेवतो: ‘शेजारचा याला नाही म्हणू शकेल का?’ गाय दूध देते याला कोणी नाही म्हणणार नाही, ती माहिती. ‘म्हशीपेक्षा गाईचं दूध गोड’ याला अर्धा वर्ग नाही म्हणेल, ते मत. अशी दहा वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून एकेक वाचायची. मुलांनी नाही म्हणता येत असेल तर उभं राहायचं, नसेल तर बसायचं. पंधरा मिनिटांत होतं. दहांत दोन वाक्यं मुद्दाम वादाची ठेवा, उदाहरणार्थ ‘बेळगावचा कुंदा गोड असतो’. गोड असतो ही माहितीच, पण काही पोरं ‘गोड म्हणजे चांगला’ समजून उभी राहतात. तिथे थांबून बोलायला मजा येते.

खानापूर_नलीकली

आणि तपासणं? सतरा वह्या, बाकी दोन विषयांच्या वेगळ्या.

चिक्कोडी_शैक्षणिक_जिल्हा

रोज सहा वह्या, तीन दिवसांत फेरी पूर्ण. एकाच दिवशी सतरा घेतल्या की दहाव्या वहीनंतर हात फक्त ऱ्हस्व-दीर्घ शोधतो.

वाचताना क्रमाने तीनच गोष्टी बघा. वरचं वाक्य झाकून उरलेल्यावरून मत ओळखता येतं का? येत असेल तर कारण त्याच मताचं आहे. वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहतं का, ओलं बटण, चिकटलेली साय, काहीही? आणि हेच वाक्य दुसऱ्या विषयाला जसंच्या तसं लावता येतं का? ‘ते खूप छान आणि उपयोगी असतं’ हे छत्रीलाही चालतं आणि बैलालाही, म्हणजे ते कारण नाही.

शेरा एकच, आणि तोही प्रश्नाच्या रूपात. ‘छान’, ‘उत्तम’ लिहू नका, ते मुलाला कळतं पण त्यातून पुढे काही करता येत नाही. ‘बटणं कोणती, वरची की खालची?’ असं लिहिलं तर मूल वही उघडून उत्तर लिहितं. शुद्धलेखनाच्या दोनच दुरुस्त्या, त्याही मुलाला पुन्हा लागतीलच अशा शब्दांच्या: ‘आवडतं’, ‘म्हणून’, ‘नाही’. दुरुस्त केलेले दोन शब्द वहीच्या मागच्या पानावर त्याने पाचदा न लिहिता एकदाच लिहायचे आणि पुढच्या लिखाणात स्वतः शोधून खाली रेघ मारायची.

गुण द्यायचे नाहीत. द्यावेच लागले तर मत कोणतं यावर अर्धाही गुण नको, आणि वाक्यं मोजून तर मुळीच नाही. वाक्यं मोजली जातात हे एकदा कळलं की तिसरीचं मूल ‘मला छत्री आवडते. मला छत्री खूप आवडते. मला छत्री खूप खूप आवडते’ असं आकडा पुरा करून देतं.

प्रत्येक मुलाचे जूनमधले, दिवाळीच्या आसपासचे आणि मार्चमधले असे तीन कागद जपून ठेवा, तारीख टाकून. पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला प्रगती नोंदीपेक्षा त्यातून जास्त कळतं. पालक आले तर तेच तीन पुढ्यात ठेवता येतात.

दुरेघी_वही

खानापूरवाले सर, एक आठवण. चिंचोके दिल्यावर पहिलीच्या सहा जणांनाही एकेक द्या. लिहिता येत नसलं तरी भिंत त्यांनाही निवडता येते, आणि ‘म्हणजे कसं?’ विचारायला त्यांच्याइतकं पक्कं कोणी नाही.